दहावीनंतर आयटीआय की तीन महिन्यांचे प्रशिक्षण? एका घरातील तिघांसाठी सविस्तर उत्तर

ताई, जालना जिल्ह्यातील आपल्या गावातून आपण एकाच घरातील तिघांविषयी विचारले आहे. मुलगी यंदा ६१ टक्के गुण मिळवून दहावी उत्तीर्ण झाली असून तिला आयटीआयमध्ये वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) हा व्यवसाय (ट्रेड) घ्यायचा आहे, पण घरातील थोरल्यांच्या मते मुलीने शिवण शिकावे. पुतण्या १९ वर्षांचा आहे, कला शाखेतून बारावी झाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करीत घरी आहे. धाकटी जाऊ ३२ वर्षांची, आठवी शिकलेली, दोन लहान मुलांची आई आहे. घरच्या मशीनवर ब्लाऊज आणि फॉल-पिको करते आणि तिला नियमित कमाई हवी आहे. तालुक्याच्या गावी एका केंद्राने तीन महिन्यांचे मोफत प्रशिक्षण आणि ‘शंभर टक्के नोकरी’ अशी पत्रके वाटली आहेत, तर तिघांनाही तिथेच घालावे का, असा आपला प्रश्न आहे. मी अनेक वर्षे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयत, शिल्पनिदेशक म्हणून वीजतंत्री हाच व्यवसाय शिकवला आणि पुढे शिकाऊ उमेदवारीचे (अप्रेंटिसशिपचे) काम पाहिले. त्या आधारे उत्तर देते आहे. तिघांसाठी उत्तर वेगवेगळे आहे, म्हणून ते थोडे लांबेल.

सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कोणता अभ्यासक्रम घ्यावा याचा विचार घरोघरी होतो. पण तो अभ्यासक्रम संपल्यानंतरचे पहिले वर्ष कुठे, कोणाकडे आणि किती पैशांवर जाणार आहे, याचा विचार फार थोडे पालक करतात. माझ्या हाताखालून गेलेली मुलेमुली कामात टिकली की घरी परतली, हे बहुतेक वेळा त्या पहिल्या वर्षातच ठरले. मुलींच्या बाबतीत तर राहण्याची सोय, येण्याजाण्याचा रस्ता आणि कामाच्या पाळीची (शिफ्टची) वेळ या तीन गोष्टींनी चांगल्या कौशल्यावरही पाणी पडलेले मी पाहिले आहे. म्हणून प्रवेश घेण्याच्या आधीच त्या वर्षाची आखणी करावी.

आता त्या पत्रकाविषयी. अल्पमुदतीचे प्रशिक्षण मुळातच वाईट असते असे मी म्हणणार नाही. केंद्र सरकारची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली, ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना त्याआधी २०१४ मध्ये आली, आणि आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रमोद महाजन यांच्या नावाने ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. यांतून नीट शिकलेली आणि नीट लागलेली मुले आहेत. मात्र केंद्राकेंद्रात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असे छापणाऱ्या केंद्राची पारख जास्त काळजीने करावी लागते. काही योजनांमध्ये उमेदवाराने तीन महिने पगार घेतला की त्याला नोकरी लागल्याची नोंद होते. चौथ्या महिन्यात ती मुलगी पुण्याच्या खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून गावी परत आली, तरी कागदावर ती नोकरीतच राहते. यात केंद्राने खोटे बोललेले नसते, पण आपल्या घराचे कामही झालेले नसते.

त्या केंद्रात स्वतः जा, आणि शक्य असेल तर मुलगी किंवा जाऊ यांना सोबत घेऊन जा. मागच्या दोन तुकड्यांतील चार-पाच जणांशी बोलायचे आहे, असे सरळ सांगा. जे केंद्र खरोखर नोकऱ्या लावते ते आपल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलणे करून द्यायला कचरत नाही. त्या मुलांना पगार किती हे विचाराच, पण हातात किती उरते, राहायला कुठे आहेत, कामावर कंपनीने घेतले आहे की ठेकेदाराने, हेही विचारा. प्रशिक्षण राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील कोणत्या स्तराचे आहे आणि प्रमाणपत्र कोणती मान्यताप्राप्त संस्था देणार आहे, हे लेखी मागा. कार्यशाळेत जाऊन यंत्रे मोजा. ३० जणांच्या तुकडीला दोन शिलाई मशीन किंवा एक संगणक असेल, तर शिकवणे काय होणार हे निराळे विचारावे लागत नाही. आणि दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत करू नका: नोकरीसाठी अनामत म्हणून पैसे देऊ नका, आणि दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके किंवा शाळा सोडल्याचा दाखला कोणाच्या ताब्यात ठेवू नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे असतात. ते तिथेच ठेवून घेणारा माणूस तुमच्या मुलाला अडकवून ठेवण्याची तयारी करीत असतो.

मुलीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिला वीजतंत्री करायचे असेल तर तिला तेच करू द्या.

आयटीआयचे शिक्षण जिच्याखाली दिले जाते ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून देशात चालू आहे आणि तिचे प्रमाणपत्र देशभर चालते. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, म्हणजे बहुतेक प्रत्येक तालुक्याला एक. वीजतंत्री हा दोन वर्षांचा व्यवसाय असून त्याला विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. राज्यात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. पालकांच्या लक्षात न येणारी बाब अशी, की वीजतंत्री, जोडारी (फिटर), यंत्रकारागीर (मशिनिस्ट), इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या व्यवसायांना मुलींचे अर्जच कमी येतात. त्या जागांसाठी पुरेशा मुली मिळाल्या नाहीत, तर त्या मुलांना दिल्या जातात. ज्या गुणांवर तुमच्या पुतण्याला शासकीय संस्थेत वीजतंत्रीची जागा मिळणे अवघड जाईल, त्याच गुणांवर तुमच्या मुलीला ती मिळू शकते. ही संधी दरवर्षी शेकडो घरे केवळ ‘मुलीचे काम नाही’ या विचाराने सोडून देतात, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

थोरल्यांना वाटणारी भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून तिचेही उत्तर देते. वीजतंत्री म्हणजे केवळ खांबावर चढणे नव्हे. पहिल्या वर्षी सुरक्षितता, तारांचे सांधे, अर्थिंग, घरगुती वायरिंग, मोजमापाची उपकरणे हे शिकवले जाते. दुसऱ्या वर्षी मोटारी, स्टार्टर, वाइंडिंग, नियंत्रण पॅनेल आणि सौर यंत्रणा येतात. यांतील पॅनेल जोडणीच्या कामात बारीक लक्ष, नीटनेटकी तार आणि आराखडा वाचण्याची सवय लागते. त्या विभागांत मुली फार चांगले काम करतात. नाशिकच्या सातपूर-अंबड भागात विजेची उपकरणे बनवणारे मोठे कारखाने आहेत, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा येथे कारखान्यांच्या देखभाल विभागांत काम असते, आणि आपल्या जालन्यातील पोलाद गिरण्यांना तर वीजतंत्री लागतातच. राहिला खांबाचा प्रश्न, तर महावितरणमध्ये स्त्रिया तेही काम करीत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत बीड जिल्ह्यातील एका महिला कर्मचाऱ्याची विजेच्या खांबावर चढून काम करतानाची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली होती. ते काम सगळ्याच मुलींनी करावे असे नाही, पण ते जमत नाही असे आता कोणी म्हणू नये.

दोन वर्षांत तिने काय कमवायला हवे, हेही सांगून ठेवते. कारखान्याच्या निवडीच्या वेळी मुलांना फार गहन प्रश्न विचारत नाहीत. व्हर्नियरवर माप वाचायला सांगतात, स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी कागदावर काढायला सांगतात, मेगर (तारेचे आवरण शाबूत आहे का हे तपासणारे उपकरण) कशासाठी वापरतात ते विचारतात, आणि मग एखादा साधा आराखडा समोर ठेवतात. इथेच निम्मी मुले गडबडतात, कारण त्यांनी प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची बघून भरलेली असते. मुलीला सांगा, की कार्यशाळेत गटात काम असले तरी जोडणी स्वतःच्या हाताने एकदा तरी पूर्ण करायची. मुलींच्या बाबतीत एक वाईट सवय मी वर्षानुवर्षे पाहिली: गटातील मुले पाना-पक्कड हातात घेतात आणि मुलीकडे वही लिहायचे काम येते. चांगला निदेशक हे होऊ देत नाही. तसे होत असेल तर तिने स्वतः बोलायला हवे आणि घरच्यांनी तिच्या पाठीशी उभे राहायला हवे.

त्यानंतरचे, मघाशी म्हटलेले पहिले वर्ष. आयटीआय झाल्यावर लगेच मिळेल ती ठेकेदाराकडची नोकरी धरण्यापेक्षा शिकाऊ उमेदवारी करावी, असा माझा आग्रह असतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे आणि ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के एवढे शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारित नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरले आणि त्यात आयटीआय झालेल्यांचा दर ७,००० रुपये होता. त्यापेक्षा जास्त देणारे कारखानेही पुष्कळ आहेत. दोन वर्षांचा व्यवसाय केलेल्यांना सहसा एक वर्ष उमेदवारी करावी लागते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. महावितरण, महापारेषण, रेल्वे, एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा, तसेच वाहन कारखाने असे उमेदवार घेतात. रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या (सर्वांत खालच्या) स्तराच्या पदांत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र उमेदवारीचे नियम पुरते समजून घ्या, नाहीतर पुढे निराशा होते. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या दृष्टीने कामगार नसतो. त्याला भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही आणि वर्ष संपल्यावर त्याला कायम करण्याची सक्ती मालकावर नसते. कामाच्या ठिकाणी दुखापत झाल्यास भरपाईची जबाबदारी मात्र मालकावर असते. उमेदवारीचा करार शासनाच्या संकेतस्थळावर नोंदलेला असतो आणि त्याला क्रमांक असतो. ‘ट्रेनी’ या नावाखाली वर्षभर राबवून घेतले, पण करारच नोंदवलेला नव्हता आणि म्हणून प्रमाणपत्र मिळाले नाही, अशी मुले दरवर्षी भेटतात. करार क्रमांक हाती आल्याशिवाय पहिला महिना संपू देऊ नये, आणि विद्यावेतन बँक खात्यातच घ्यावे.

वीजतंत्री झालेल्या मुलीसमोर पुढचे दोन रस्तेही खुले राहतात. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे शिकण्याची इच्छा असेल तर पदविका आणि त्यानंतर अभियांत्रिकी पदवीपर्यंत जाता येते. दुसरा रस्ता परवान्याचा. विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना घेतला की वायरिंगची कामे अधिकृतरीत्या करता येतात. शेतावर सौर पंप आणि घरांवर सौर पॅनेल बसवण्याचे काम गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात फार वाढले आहे. बसवणारे आहेत, पण दोन वर्षांनी बिघाड झाला की नीट दुरुस्त करणारे गावोगाव कमी आहेत.

वीजतंत्रीची जागा मिळाली नाही, तर चिडून कोणताही व्यवसाय स्वीकारू नका. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका आहे आणि तेथेच सिपेट या केंद्रीय संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाची पदविका आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश परीक्षा असते, शुल्क आयटीआयपेक्षा बरेच जास्त असते, पण तिथून निघालेल्यांना कारखाने शोधत येतात. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात टोयोटा-किर्लोस्कर आणि एथर या वाहन कंपन्यांनी २०२४ मध्ये मोठ्या प्रकल्पांची घोषणा केली, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. घोषणा आणि प्रत्यक्ष भरती यांत काही वर्षे जातात. त्यामुळे त्या बातम्यांवर विसंबून आज काही ठरवू नये. पण जी मुलगी आज दहावीनंतर शिकायला जाते आहे, तिच्या वेळेला ते कारखाने उभे राहिलेले असण्याची शक्यता मात्र आहे.

रुग्णालयातील कामाचाही विचार घरात निघेल, म्हणून थोडक्यात सांगते. दहावीवर ‘नर्सिंग’ शिकवणारी दुकाने तालुक्या-तालुक्यात आहेत. परिचर्या क्षेत्रातील दोन वर्षांचा एएनएम आणि तीन वर्षांचा जीएनएम हे अभ्यासक्रम बारावीनंतर करायचे असतात आणि संस्था मान्यताप्राप्त असेल तरच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. नोंदणी नसेल तर शासकीय रुग्णालयाची दारे बंद राहतात. रुग्णसेवा साहाय्यकाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण वेगळे आणि त्याचे कामही वेगळे. ते चांगले काम आहे, पण त्याला नर्सिंग म्हणून विकणाऱ्यापासून दूर राहा.

पुतण्याविषयी लिहिताना मला अधिक सावध राहावे लागते, कारण १९ वर्षांच्या मुलाचे पोलीस भरतीचे स्वप्न मोडण्याचा अधिकार मला नाही. मैदानी तयारी त्याने जरूर करावी. पण भरती कधी निघेल हे त्याच्या हातात नाही आणि त्या प्रतीक्षेत दिवसाचे दहा तास मोकळे जात असतील, तर ती तयारी राहत नाही, ती नुसती वाट पाहणे होते. सकाळी मैदान आणि नंतर आयटीआय, असे करणारी कितीतरी मुले माझ्या वर्गात होती. त्यांपैकी काही पोलिसात गेली आणि जी गेली नाहीत त्यांच्या हातात व्यवसाय राहिला. त्याने दहावी विज्ञान-गणितासह केलेली असल्यामुळे जोडारी, वीजतंत्री, मोटार मेकॅनिक यांना तो पात्र आहे. दोन वर्षे द्यायची तयारी नसेल तर संधाता (वेल्डर) हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. जालना आणि वाळूज दोन्हीकडे चांगल्या वेल्डरला मागणी असते, आणि टिग-मिग वेल्डिंगवर हात बसलेल्या मुलाला रोजगारासाठी फार वणवण करावी लागत नाही. वेल्डरचे काम उष्णतेचे आणि डोळ्यांना त्रास देणारे आहे, हे मात्र आधी त्याला कार्यशाळेत नेऊन दाखवा.

त्याच्याकडे आणखी एक पर्याय येईल. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयोगटातील बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन त्यात ठरले होते. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती वाढवण्यात आली. अनेक मुले ग्रामपंचायत, शाळा किंवा तहसील कार्यालयात रुजू झाली आणि तिथेच कायम होऊ या आशेवर राहिली. ही योजना कामाचा अनुभव देण्यासाठी आहे, नोकरीची हमी तीत नाही. तुमचा पुतण्या त्यात गेला तर त्याने कार्यालयापेक्षा कारखाना किंवा वर्कशॉप निवडावे, म्हणजे त्या महिन्यांचा उपयोग पुढे सांगता येईल असा होईल. कुठल्याही नोकरीत रुजू होताना नेमणूक पत्र मागावे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार ते देणे मालकांवर बंधनकारक आहे, आणि पत्र नसलेल्या कामाचा अनुभव पुढच्या मालकाला दाखवता येत नाही. परदेशातील नोकरीचे आमिष दाखवणारा कोणी आला, तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला भरती एजंट आहे की नाही, एवढे तपासल्याशिवाय बोलणेही करू नये.

आता जाऊविषयी. तिच्यासाठी सर्वांत अधिक विचार लागतो, कारण तिच्याजवळ वेळ कमी आहे, दोन लहान मुले आहेत आणि तिच्या नावावर योजनाही सर्वांत जास्त आहेत. शिवणाचा एक महिन्याचा वर्ग करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या आणि तरीही पूर्वीएवढेच ब्लाऊज शिवणाऱ्या स्त्रिया प्रत्येक गावात आहेत. त्यांना शिवता येत नाही असे नाही. गावात शिवणाऱ्या दहा असतात आणि शिवून घेणाऱ्या तेवढ्याच राहतात, मग दर पडतो. म्हणून तिने आधी एका महिन्याचा हिशोब लिहावा: किती नग, नगामागे किती मिळाले, धागा-अस्तर-वीज यांत किती गेले, आणि एका नगाला खरोखर किती तास लागले. या हिशोबाशिवाय प्रशिक्षण किंवा कर्ज यांविषयी मी तिला काहीच सांगणार नाही, कारण तोटा होत असलेल्या कामात आणखी मशीन आणल्याने तोटाच वाढतो.

हिशोबातून काम वाढवण्यासारखे आहे असे दिसले, तर तिच्यासाठी चांगली जागा आहे ती जिल्ह्यातील अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. या संस्थांचा नमुना १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे उभा राहिला आणि नंतर देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. प्रशिक्षण मोफत असते, राहण्याजेवणाची सोय असते, आणि इतर ठिकाणी न मिळणारी एक गोष्ट इथे मिळते: प्रशिक्षणानंतर दोन वर्षे त्या स्त्रीचा पाठपुरावा करणे आणि तिला बँकेच्या कर्जापर्यंत नेणे हे संस्थेचेच काम असते. निवासी राहणे जमत नसेल तर मुलांची व्यवस्था कोण पाहील हे घरात आधी ठरवा. सासू किंवा आपण स्वतः ते काही आठवडे अंगावर घेतलेत, तर तिला यापेक्षा मोठी मदत दुसरी नाही. कोणाला माहीत नसते अशी एक गोष्ट इथेच सांगते: आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय १४ वर्षे आहे, पण कमाल वयाची अट नाही, आणि शिवण तंत्रज्ञान हा एक वर्षाचा व्यवसाय आठवी उत्तीर्णांना घेता येतो. ३२ व्या वर्षी तिने आयटीआयत बसायचे ठरवले तर नियम तिला अडवत नाही.

तिच्यासमोर खरी निवड घरचे काम की कारखाना अशी आहे. कपड्यांच्या कारखान्यात घरगुती मशीनची सवय चालत नाही; तिथे मोटारीवर चालणारे लॉकस्टिच, ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक असते आणि एकच बाई दिवसभर फक्त कॉलर किंवा फक्त बाही जोडते. वेग लागतो, पण महिन्याला ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा मिळतो. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये मोठ्या संख्येने स्त्रिया याच कामावर आहेत आणि सोलापुरात गणवेशाचा उद्योग मोठा आहे. तुमच्या गावापासून अशी जागा रोज जाऊन येण्याच्या अंतरावर नसेल, तर लहान मुले मागे ठेवून ती टिकणार नाही, आणि मी तिला तसे सुचवणारही नाही. जवळ असेल तर तिथे पाळणाघर आहे का हे विचारावे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे कायद्याने आवश्यक आहे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. एसटीत स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन काम करण्याचे गणित पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

घरीच काम करायचे ठरले तर तिने एकटीने ब्लाऊज शिवत बसण्यापेक्षा उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटातील चार-पाच जणींसोबत ठोक काम धरावे: शाळांचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी, कापडी पिशव्या. शाळा व्यवस्थापन समितीकडे जाऊन गणवेशाच्या कामाची विचारणा आधी करावी, त्यानंतर मशीन घ्यावे. शिंपी हा प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांपैकी एक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत काही दिवसांचे प्रशिक्षण आणि त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, हे अर्ज करण्यापूर्वी घरात बोलून घ्या. गटातील बायकांचे मन शिवणापेक्षा पापड, लोणचे, मसाले यांकडे असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळते. मोठ्या कर्जाच्या योजना, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या, ग्रामीण भागातील स्त्रियांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान देतात आणि स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के मागतात. अनुदानाचा हा आकडा ऐकून बँकेत जाऊ नये. वर्षभर नियमित गिऱ्हाईक असल्याची वही हातात असेल, त्याच वेळी जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढावी.

२०१७-१८ मध्ये देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २३.३ टक्के काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या आणि २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्के झाले, असे केंद्राचे श्रमबल सर्वेक्षण सांगते. ही वाढ मोठी आहे. पण तिचा बराच भाग ग्रामीण स्त्रियांच्या स्वयंरोजगाराचा आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनावेतन राबण्याचा आहे. म्हणूनच मी तुमच्या जावेसाठी हिशोबाच्या वहीचा आणि मुलीसाठी करार क्रमांकाचा इतका आग्रह धरते आहे. त्यांचे काम कोणाच्या तरी कामात मिसळून जाऊ नये, त्याचा पैसा त्यांच्या स्वतःच्या खात्यात यावा.

तातडीचे काय ते शेवटी सांगते. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर केंद्रीय पद्धतीने होतात आणि फेऱ्यांमध्ये चालतात. मुलीचा आणि पुतण्याचा अर्ज भरताना पसंतीक्रम विचारपूर्वक द्या. पहिल्या पसंतीला जे लिहिले ते मिळाले तर घ्यावेच लागते, म्हणून खरोखर हवे तेच वर लिहा. मुलीच्या अर्जात जालना, बदनापूर, अंबड अशा रोज जाता येण्याजोग्या संस्थांमधील वीजतंत्री आधी, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग जोडारी असा क्रम मी ठेवीन. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे आताच काढायला द्या, कारण प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रांवर झुंबड असते आणि एका दाखल्यासाठी फेरी हुकलेली मुले मी पाहिली आहेत. अर्ज निश्चित करण्यापूर्वी मुलीला घेऊन त्या संस्थेत एकदा जा, वीजतंत्रीच्या कार्यशाळेत उभे राहा, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का ते पाहा, आणि त्या वर्गात शिकत असलेल्या एखाद्या मुलीशी तिला एकटीला बोलू द्या. पत्रकवाल्या केंद्राला उत्तर द्यायची घाई नाही. त्यांची पुढची तुकडीही निघेल, आयटीआयची प्रवेशप्रक्रिया मात्र वर्षातून एकदाच येते.